न लागलेलं सूतक

द्वारकाबाईंचा एक दावा होता, आणि तो त्या येता-जाता ऐकवायच्या. "गोड बोलायला साखर पुरते, खरं बोलायला छाती लागते." सुनेला ऐकवायच्या, सुनेच्या मैत्रिणींना ऐकवायच्या, आणि मोडक्या हिंदीत खालच्या मजल्यावरच्या पंजाबिणीलाही. अशा बाईने स्वतःच्या नातीशी देवाधर्माचं नाव घेऊन खोटं बोलावं, हे कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

शाळा त्यांची चौथीपर्यंत, तीही ढकलत ढकलत. नवरा लवकर गेला. पुण्यात त्यांनी अकरा वर्षं सात घरी स्वयंपाक केला आणि एकुलत्या एका मुलाला, निशिकांतला, शिकवलं. त्या अकरा वर्षांत सातांपैकी एकाही घरात त्यांना कुणी नावाने हाक मारली नाही. 'पोळीवाल्या बाई' एवढंच. पुढे निशिकांत सिंगापुरात आला, तांजोंग पगारला एका बँकेत लागला, जुरोंग ईस्टला अकराव्या मजल्यावर घर घेतलं आणि आईला बोलावून घेतलं. इथल्या मराठी मंडळींत द्वारकाबाईंच्या हाताची ख्याती व्हायला वर्षही लागलं नाही. "कुठे हो शिकलात एवढं?" असं कुणी विचारलं, की त्या मान ताठ करून म्हणायच्या, "आमच्याकडे माणसांचा राबता फार होता." राबता होता हे खोटं नव्हतं. माणसं परक्यांची होती, एवढंच सांगायचं राहायचं. निशिकांतला सगळं ठाऊक होतं. तोही हा विषय कधी काढत नसे.

२०१३ साल. नात अश्लेषा इथल्या माध्यमिक शाळेच्या तिसऱ्या वर्षाला गेली होती, म्हणजे पंधरा वर्षांची. एका रविवारी सकाळी थालीपिठं चालली होती, तेव्हा ती एक कागद घेऊन टेबलाशी आली.

"बाबा, साइन हवीय."

निशिकांतने चष्मा लावून वाचलं. शाळेत असतानाच पॉलिटेक्निकमधला एक विषय करता येणार होता. दर गुरुवारी दुपारी तिकडे जायचं, सुटीतही काही दिवस. शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा पास झालं, की त्या विषयाचं क्रेडिट जमा. पुढे तोच डिप्लोमा घेतला तर तो विषय पुन्हा करायला नको. यादीत रोबो होते, दुकानाचा कारभार होता, अजून काय काय होतं. अश्लेषाने खूण केली होती ती भलत्याच ओळीवर.

"हे काय? कुकिंग?"

"प्रोफेशनल किचन, बाबा. फक्त वीस मुलं घेतात, हं. टीचरने माझं नाव स्वतः दिलं."

तव्यावरचं थालीपीठ उलटता उलटता द्वारकाबाई थांबल्या. "स्वयंपाक शिकायला कॉलेज? उद्या केर काढायलाही डिग्र्या निघतील!"

"आजी, शेफ इज अ रिअल जॉब लाह."

"तुझं ते लाह-बिह शाळेत ठेव. बँकेतल्या माणसाची मुलगी दुसऱ्याच्या चुलीपुढे उभी राहणार? विनीता, ऐकतेस ना?"

विनीताने, सुनेने, ताटातून मान वर केली नाही. सासू आणि मुलगी यांच्या मध्ये न पडण्याची कला ती पंधरा वर्षांत शिकली होती.

निशिकांत हसला, पण आईकडे न बघता. मग त्याने बँकवाल्यासारखा सौदा केला. "हे बघ अशू. कर. शेवटपर्यंत कर, पास हो, क्रेडिट मिळव. मिळालं, तर ओ लेव्हलनंतर डिप्लोमाचं बोलू. नाही मिळालं, तर ज्युनिअर कॉलेज, कॉमर्स, आणि तोंडातून चकार शब्द नाही. डील?"

"डील!" पोरीने थालीपिठाच्या तेलकट हाताने बापाशी हात मिळवला.

त्यानंतरचे गुरुवार द्वारकाबाईंना आवडायचे नाहीत, आणि गुरुवारी संध्याकाळी पाच वाजल्यापासून त्या दाराकडे बघत बसायच्या. अश्लेषा यायची, पांढरा कोट स्वतः धुवायची, आणि कांदा घेऊन उभी राहायची.

"बघ आजी, एकसारखा चिरला की नाही?"

"एकसारखा आहे. पण एवढ्या वेळात आमच्याकडे पंचवीस माणसं जेवून उठायची."

"मग दाखव ना!"

दाखवायचं नाही असं त्या रोज ठरवायच्या आणि रोज दाखवायच्या. फोडणीकडे डोळे लावून बसू नये, मोहरी काय म्हणते ते ऐकावं. भाताला पाणी बोटाच्या पेराने मोजावं, पण तांदूळ जुना की नवा ते आधी दाताखाली धरून बघावं. पोरगी हे सगळं इंग्रजीत वहीत उतरवायची. एकदा म्हणाली, "आमचे शेफ लिम विचारत होते, ही मोहरीची ट्रिक कुणी शिकवली. म्हणाले, ब्रिंग युअर ग्रँडमदर." द्वारकाबाईंना छातीत ऊब आली. आणि पाठोपाठ एक काटाही टोचला. इतक्या वर्षांत धंद्यातल्या माणसाने त्यांच्या हाताला पहिल्यांदा दाद दिली, ती या पोरीच्या तोंडून. आणि तेही त्याच धंद्यासाठी, ज्याच्यातून लेकाला वर काढायला त्यांनी हाडं झिजवली होती.

त्याच आठवड्यात विनीताची मैत्रीण मीनल आली. "अश्लेषा दिसत नाही कुठे?"

"कॉम्प्युटरच्या क्लासला जाते," द्वारकाबाईंनी डोळ्याची पापणी न लववता सांगितलं.

परीक्षा नोव्हेंबरातल्या एका शनिवारी होती. प्रत्येकाने आठ पाहुण्यांना तीन पदार्थ करून वाढायचे. खरे पाहुणे, बाहेरून बोलावलेले. अश्लेषाने गोडाला पातोळ्या ठरवल्या होत्या. हळदीच्या पानाऐवजी इथल्या पांदानच्या पानात गुंडाळून. पहिल्यांदा केल्या तेव्हा द्वारकाबाई म्हणाल्या, "पातोळ्यांचं नाक कापलंस," आणि तीन खाल्ल्या. बुधवारी पोरगी सांगत आली, की पास होणाऱ्यांना सुटीत हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम मिळणार आहे. "खरं किचन, आजी! मागच्या दाराने आत जायचं, आयडी लावून!"

मागच्या दाराने. त्या दोन शब्दांनी द्वारकाबाईंची झोप गेली.

गुरुवारी सकाळी पुण्याहून फोन आला. हेमचंद्र गेले. द्वारकाबाईंचे मावसभाऊ, ब्याऐंशी वर्षांचे, पंधरा वर्षांत गाठ नाही. तरी लहानपणी एकत्र बोरं पाडलेली, त्या रडल्या. ते रडणं खरं होतं. संध्याकाळी अश्लेषा आली, आजीला जवळ घेतलं, पाणी दिलं, आणि मग हलक्या पावलांनी ओट्याशी जाऊन तांदळाची पिठी काढायला लागली. शनिवार दोन दिवसांवर आला होता.

द्वारकाबाईंनी तिच्या पाठीकडे बघितलं. पाठमोरी, वाकलेली, केस बांधलेले. तोंडातून शब्द निघाले ते त्यांनी ठरवले नव्हते.

"ते ठेव. सूतक आहे आपल्याला."

"म्हणजे?"

"म्हणजे घरात माणूस गेलं. दहा दिवस सुतकातल्या हाताचं दुसऱ्याला खायला घालायचं नाही."

"पण तू करतेस ना आत्ता? आपण खातो ना?"

"घरातलं घरात चालतं. परक्याला चालत नाही. खाणाऱ्याला बाधतं ते."

अश्लेषाच्या हातातली वाटी तशीच राहिली. "बाधतं म्हणजे... सिक होतात?"

"आता त्यात कुणी आजारी असेल, कुणी पोटुशी बाई असेल, मी काय सांगू? तुझं तू बघ. मी सांगायचं काम केलं."

हे 'तुझं तू बघ' त्यांचं हुकमी पान होतं. 'जाऊ नकोस' म्हटलं असतं तर पोरगी भांडली असती. निर्णय तिच्यावर टाकला, आणि ती गप्प झाली. निशिकांत कामासाठी हाँगकाँगला होता, रविवारी यायचा होता. विनीताचं माहेर मुंबईचं, त्यांच्याकडे हे सोवळंओवळं कुणी पाळत नसे. ती म्हणाली, "आई सांगतायत तर असेल बाई. त्यांना नियम माहीत असतात." अश्लेषाने शेफना फोन केला. दुसरी तारीख नव्हती. या परीक्षेशिवाय क्रेडिट नव्हतं. ते भले गृहस्थ, त्यांनी दोनदा विचारलं, काही मदत करू का. ही त्यांना काय सांगणार? माझे हात चालत नाहीत म्हणून?

शनिवारी ती गेली नाही. पलंगावर मांडी घालून, दोन्ही हात मांडीत घेऊन बसून राहिली. द्वारकाबाई दोनदा दारापर्यंत गेल्या. आत्ता सांगितलं तरी टॅक्सीने पोचेल, हे त्यांना कळत होतं. दोनदा परत आल्या.

कारण नियम त्यांना खरंच माहीत होते. सूतक लागतं ते कुळाचं. लग्न झालेल्या बाईचं माहेर वेगळं कूळ. माहेरचा मावसभाऊ गेला तर त्यांनी स्वतः डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. नातीचा तर त्या सुतकाशी काडीचा संबंध नव्हता.

रविवारी निशिकांत आला. सगळं ऐकून म्हणाला, "कोण हेमचंद्र? मावशीआजीचा?" आणि आईकडे बघितलं. द्वारकाबाईंनीही त्याच्याकडे बघितलं. मग तो लेकीला म्हणाला, "वाईट झालं ग. पण डील म्हणजे डील." आणि पेपर उघडला.

पोरगी भांडली नाही, रडून गोंधळ घातला नाही. अभ्यासाला लागली. फक्त स्वयंपाकघरात यायची ती पाण्याची बाटली भरण्यापुरती. द्वारकाबाई मुद्दाम हाका मारायच्या, "अशू, बघ ग मीठ बरोबर आहे का." ती दारातूनच म्हणायची, "तुझं बरोबरच असतं, आजी." पांढरा कोट एक दिवस जुन्या कपड्यांच्या पिशवीत दिसला. त्यांनी तो काढून आपल्या कपाटात घडी करून ठेवला. स्वतःला समजावलं, पोर आहे, विसरेल. पोरीच्या भल्यासाठीच केलं. पण भलं केलेल्या माणसाला घास का गिळवत नाही, याचं उत्तर मिळेना. ओट्याशी दुसरं माणूस उभं राहायची सवय त्या सात-आठ महिन्यांत कधी लागली, तेही त्यांना कळलं नव्हतं. सवय लागली होती खरी.

एक वर्ष असंच गेलं. जानेवारीत ओ लेव्हलचा, म्हणजे इथल्या दहावीचा, निकाल लागला, उत्तम लागला. पुढे कुठे जायचं त्याचा फॉर्म भरायला पाच दिवस, सोमवार ते शुक्रवार. शुक्रवारी दुपारी चारला बंद. त्यात घरात संक्रांतीच्या हळदीकुंकवाची गडबड. शनिवारी बावीस बायका यायच्या होत्या. विधवेला बाहेर हळदीकुंकवात बसायचं नव्हतं, पण त्या समारंभाची खरी मालकीण आतच असायची. पाच प्रकारचे लाडू आणि गुळाच्या पोळ्या. मंडळात वर्षभर नाव निघेल असा बेत होता.

बुधवारी गुळाचा पाक चढवलेला असताना विनीता फोन हातात घेऊन आत आली. डोळे भरलेले. "आई, नाशिकचा चंद्रशेखर गेला. माझा मामेभाऊ. हार्ट अटॅक... शनिवारचं रद्द करते मी. सूतक असेल ना आपल्याला?"

"अरे देवा! तरणाताठा ग." द्वारकाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. डोळे मात्र पाकावर होते, पाक गोळीबंद व्हायला आला होता. "पण रद्द कशाला करतेस? माहेरचा मामेभाऊ तो. आपल्या घराला कसलं सूतक? तू डोक्यावरून पाणी घे की झालं. माझा सख्खा भाऊ गेला तेव्हासुद्धा तीन दिवस एकट्या मला होते, निशीला काही नव्हतं. सूतक कुळाचं असतं, बाई, फोनचं नसतं."

बोलून झालं, आणि मागे नळाचा आवाज बंद झाला. अश्लेषा बाटली भरत उभी होती.

"आजी," ती म्हणाली, "मग हेमचंद्र आजोबा?"

तिने बाटली ओट्यावर ठेवली.

"ते तुझे मावसभाऊ होते ना? म्हणजे तुझ्या माहेरचे."

विनीताने सासूकडे बघितलं. द्वारकाबाईंच्या जिभेवर पहिल्यांदा आलं ते नेहमीचंच. "मोठ्या माणसांना जाब विचारतेस?"

"जाब नाही, आजी. नुसतं विचारतेय."

तिने बाटलीचं झाकण लावलं, नीट, दोनदा फिरवून, आणि गेली. पाक करपला. विनीताने हळदीकुंकू रद्द केलं नाही. सासूशी मात्र दोन दिवस कामापुरतं बोलली.

गुरुवारी निशिकांत कामावरून आला तसं द्वारकाबाईंनी त्याला बाल्कनीत बोलावलं. "मी पोरीशी खोटं बोलले होते."

"माहितीये, आई. मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

तो समोरच्या गाड्यांकडे बघत राहिला. "माझं काम झालं होतं ना. मला नाही म्हणायला लागलं नाही. तू म्हणालीस." मग म्हणाला, "मला वाटायचं, आपण दोघं तिला वाचवतोय."

"कशापासून रे?"

"तिला म्हणावं, हवं ते भर. मी काही बोलणार नाही," एवढं तो म्हणाला.

शुक्रवारी दुपारी घरात दोघीच होत्या. नातीच्या खोलीचं दार द्वारकाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा वाजवलं. अश्लेषा कॉम्प्युटरपुढे होती. आजी पलंगाच्या कडेला बसल्या आणि सगळं सांगितलं. सूतक नव्हतं. पुण्यातली सात घरं. कुणाची मुंज असो, बारसं असो, सगळ्यांचं झाल्यावर मोरीशेजारी बसून जेवणं. मागचं दार. वाक्यं नीट लागत नव्हती. माफीचे शब्द त्यांना कधी लागलेच नव्हते, त्यामुळे ते कुठे ठेवलेत तेच सापडेनात. शेवटी म्हणाल्या, "चुकले मी, अशू."

अश्लेषाने खुर्ची आजीकडे वळवली. मग तिने विचारलं, "तुला माझं कुकिंग आवडत नव्हतं?"

"नाही ग! तुझा हात माझ्यापेक्षा बरा होता. म्हणून तर भ्याले. कच्चा असता तर बोललेच नसते. अजून वेळ आहे ना? बाप हो म्हणालाय. भर तो फॉर्म. एक विषय जास्त करावा लागेल, एवढंच ना?"

"तसं नाही आजी." ती आपल्या हातांकडे बघत होती. "त्यानंतर मी कुणाला काही खायला देताना आधी हात धुते. दोन-दोनदा. फ्रेंडला बिस्किट देतानापण. मला माहितीये, सिली आहे."

"पण आता कळलं ना तुला, की ते खोटं होतं?"

"मला कळलं. हातांना कोण सांगणार?"

द्वारकाबाईंनी तो हात धरायला आपला हात पुढे केला. पोरीने तो धरू दिला. पाहुण्याने धरू द्यावा तसा.

"काय भरलंयस?" त्यांनी पडद्याकडे बघत विचारलं.

"बारा चॉइस असतात. वरचे सगळे ज्युनिअर कॉलेज, कॉमर्स. मग दोन-तीन अकाउंटन्सी."

"आणि तुझं ते?"

"नाही टाकलं."

"टाक ना. माझ्यासाठी टाक."

अश्लेषाने क्षणभर आजीकडे बघितलं. मग शेवटच्या ओळीतलं काहीतरी पुसलं, काहीतरी लिहिलं. "बाराव्या नंबरला टाकलं. ओके?"

"बारावा म्हणजे कसं असतं ते?"

"वरचे अकरा नाही मिळाले, तर ते."

"आणि तुझ्या मार्कांना काय मिळेल?"

"पहिलंच मिळेल, आजी," ती हळू म्हणाली.

द्वारकाबाईंनी मान हलवली. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण पंगत कळत होती. शेवटच्या पानापर्यंत वाढपी पोचतो तेव्हा भांड्यात काय उरलेलं असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्या पानावर बसलेल्यालाही मुकाट्याने 'वाढा' म्हणावं लागतं.

"करू सबमिट?" अश्लेषाने विचारलं. गेल्या सव्वा वर्षात ती आजीला विचारून करत असलेली ही पहिलीच गोष्ट.

"कर."

तिने बोट दाबलं. पडद्यावर जरा वेळ एक गोल फिरत राहिला, आणि मग हिरव्या अक्षरांत एक ओळ आली.

"काय म्हणतंय ग ते?"

"काही नाही. थँक यू म्हणतंय."